तारावा १९४३: हरवलेल्या कबरी आणि उत्तर मागत राहिलेली घरं

अलेक्झांडर बॉनीमन हा अमेरिकन मरीन दलाचा लेफ्टनंट २२ नोव्हेंबर १९४३ रोजी पॅसिफिक महासागरात तारावा इथल्या बेतिओ बेटावर मारला गेला. त्याच्या शौर्याबद्दल कुणालाही शंका नव्हती. त्याला मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हे देशाचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं आणि १९४७ मध्ये नौदलमंत्री जेम्स फॉरेस्टल यांच्या हातून त्याच्या बारा वर्षांच्या मुलीने ते स्वीकारलं. घरच्यांचा प्रश्न वेगळाच होता: त्याला पुरलं कुठे? सरकारकडून या एका प्रश्नाला वर्षानुवर्षं परस्परविरोधी उत्तरं मिळत राहिली. त्यांत समुद्रात दफन केल्याचंही एक उत्तर होतं. शेवटी १९४९ मध्ये ‘अवशेष मिळण्यासारखे नाहीत’ असा शेरा मारून फाइल बंद झाली. टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावी घरच्यांनी कौटुंबिक दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड बसवला. त्याखाली कुणी नव्हतं.

अशी घरं शेकड्यांनी होती. बॉनीमन कुटुंबाचं प्रकरण निवडलं ते त्यातला माणूस नामांकित आहे म्हणून नव्हे. त्याची कागदपत्रं, उत्खनन आणि ओळख पटवण्याची प्रक्रिया हे सगळं सार्वजनिक नोंदीत आहे, त्यामुळे कबरी कशा हरवल्या आणि कशा सापडल्या हे टप्प्याटप्प्याने पाहता येतं. शिवाय त्यातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या कबरी लढाईत हरवल्या नाहीत. लढाई संपल्यावर, आवराआवर करताना त्या हरवल्या.

शहात्तर तास

तारावा हे मूळ ब्रिटिशांची वसाहत असलेल्या आणि तेव्हा जपानने बळकावलेल्या गिल्बर्ट बेटांमधलं प्रवाळद्वीप. आज ते किरिबाती या देशात आहे. त्याच्या नैऋत्य टोकाला बेतिओ. लांबी जेमतेम तीन किलोमीटर, रुंदी कुठेही पाऊण किलोमीटरच्या वर नाही आणि उंची समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटर. जपानने इथे धावपट्टी बांधली आणि भोवती माडाच्या ओंडक्यांचे, काँक्रीटचे, वाळूने झाकलेले बंकर उभे केले. रिअर अॅडमिरल शिबासाकी केइजी यांच्या हाताखाली साडेचार हजारांहून अधिक माणसं होती. त्यांतले सुमारे १,२०० कोरियातून आणलेले मजूर होते, सैनिक नव्हेत. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

२० नोव्हेंबरच्या सकाळी मेजर जनरल ज्युलियन स्मिथ यांची दुसरी मरीन डिव्हिजन उतरली. बेटाभोवती प्रवाळाचा खडक आहे. सपाट तळाच्या लाकडी होड्यांना त्यावरून जायला चार फूट पाणी हवं होतं. ते मिळालं नाही. कोकणातल्या कुणाही दर्यावर्द्याला कारण चटकन कळेल: कृष्णपक्षातल्या अष्टमीचा सुमार, म्हणजे भांगाची, कमी चढणारी भरती. त्यातून चंद्र त्या दिवसांत पृथ्वीपासून दूर, त्यामुळे पाणी आणखीच कमी चढलं. बेटाचं पाणी ओळखणारे न्यूझीलंडचे मेजर फ्रँक हॉलंड यांनी आधी सावध केलं होतं, तरी बेत तोच राहिला. पट्ट्यांवर चालणारी काही उभयचर वाहनं खडक ओलांडून गेली. बाकीच्यांना खडकाच्या कडेला होड्यांतून उतरून अर्धा किलोमीटरहून अधिक अंतर छाती-कमरेएवढ्या पाण्यातून, समोरून मशीनगन चालू असताना, चालत जावं लागलं. किती जण किनाऱ्याला लागलेच नाहीत.

लढाई शहात्तर तास चालली. अमेरिकेचे सुमारे १,००० मेले, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. जपानी बाजूचे १४६ जण जिवंत हाती लागले. त्यांत जपानी फक्त १७, उरलेले १२९ कोरियन मजूर.

बॉनीमन तेहतीस वर्षांचा होता. न्यू मेक्सिकोत त्याची तांब्याची खाण होती. तांबं युद्धाला लागणारा धातू आणि घरी तीन मुली, तेव्हा त्याला भरती टाळता आली असती. तो १९४२ मध्ये साधा शिपाई म्हणून दाखल झाला आणि ग्वादालकनाल बेटावरच्या लढाईनंतर अधिकारी झाला. तारावाला त्याचं काम किनाऱ्यावर सामान उतरवून पुढे पोचवण्याचं होतं. लढणारी माणसं अडकून पडलेली पाहून तो आपणहून पुढे गेला. माणसं गोळा केली, सुरुंग आणि ज्वालाफेकी यंत्रं घेतली आणि वाळूच्या टेकाडासारख्या दिसणाऱ्या एका मोठ्या बंकरवर चढाई केली. आतून बाहेर पडणाऱ्यांचा प्रतिहल्ला त्याने टेकाडाच्या माथ्यावर अडवून धरला आणि तिथेच पडला. या चढाईची छायाचित्रं उपलब्ध आहेत.

बातमी घरी कशी पोचली

तारा बऱ्याच घरी नाताळाच्या आसपास पोचल्या. त्याआधी वर्तमानपत्रांतून आकडे आले होते आणि देश हादरला होता. तीन किलोमीटरच्या वाळूच्या पट्ट्यासाठी हजार माणसं? पॅसिफिकमधल्या अमेरिकन नौदलाचे प्रमुख अॅडमिरल निमिट्झ यांना संतापलेल्या नातेवाइकांची पत्रं आली. एका आईने तर माझ्या मुलाला तुम्हीच मारलंत असं लिहिलं. मरीन दलाच्या छायाचित्रकारांनी टिपलेली, पाण्यात तरंगणारी प्रेतं दाखवणारी दृश्यं जनतेला दाखवावीत की नाहीत हा प्रश्न राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला आणि त्यांनी परवानगी दिली. आपला माणूस कसा गेला असेल, हे अनेकांना चित्रपटगृहाच्या अंधारात पहिल्यांदा दिसलं.

न्यूझीलंडमध्येही बातमी पोचायची होती. ही डिव्हिजन लढाईआधी कित्येक महिने वेलिंग्टनच्या परिसरात तळ ठोकून होती. तिथल्या मुलींशी कुणाची लग्नं झाली होती, कुणाची ठरली होती. युद्धातल्या गुप्ततेमुळे पोरं सरावाला गेली असंच तिथल्या लोकांना वाटत होतं. लष्कराच्या लेखी ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात न बसणाऱ्या वाग्दत्त वधूंना तार कोण पाठवणार? त्यांना कळलं ते सांगोवांगी, किंवा आपलंच पत्र परत आल्यावर.

कबरी कशा हरवल्या

विषुववृत्ताजवळचं ऊन, दीड चौरस किलोमीटरहून लहान बेट आणि साडेपाच हजारांहून अधिक प्रेतं. पुरणं तातडीचं होतं. जो जिथे पडला त्याच्या आसपास, एकेकटा किंवा बुलडोझरने काढलेल्या लांब चरांत रांगेने, सोबत्यांनी आपली माणसं पुरली. पाँचोत, म्हणजे पावसाळी अंगरख्यात, गुंडाळलं, जमेल तिथे ओळखपट्टी ठेवली, डोक्याशी काठी किंवा फळी रोवली. कुणाशेजारी कोण, याची नोंदही बऱ्याच ठिकाणी झाली. ज्यांनी हे हातांनी केलं, ती तुकडी काही दिवसांतच जहाजावर चढून हवाई बेटांकडे गेली. इथे पहिला धागा तुटला. कोण कुठे आहे हे प्रत्यक्ष ठाऊक असलेली माणसं निघून गेली आणि उरल्या त्या नोंदी.

त्यानंतर नौदलाच्या बांधकाम तुकड्या आल्या. युद्ध चालूच होतं. धावपट्टी वाढवायची, रस्ते, गोदामं, तंबू उभारायचे. किनाऱ्यावर पडलेल्या लेफ्टनंट विल्यम हॉकिन्सचं नाव या धावपट्टीला दिलं गेलं. बांधकामाच्या ओघात कबरींवरच्या खुणा आड येऊ लागल्या. मग दफनभूमी ‘नीटनेटक्या’ करण्यात आल्या. वेड्यावाकड्या रांगा सरळ केल्या, पांढरे क्रॉस आखून एका ओळीत लावले, भोवती कुंपण घातलं. सुंदर दिसत होतं. पण क्रॉस हलले तरी त्यांच्याखालची माणसं होती तिथेच राहिली. काही ठिकाणी तर क्रॉस निव्वळ स्मारक म्हणून उभे केले होते. कागदावर मात्र ती कबरच ठरली.

या लोकांना दोष देताना मी जरा थांबतो. त्यांना मृतांचा अनादर करायचा नव्हता, उलट जागा शोभिवंत करून मान द्यायचा होता. पण मान देण्याच्या भरात पुरावा पुसला गेला आणि त्याची किंमत सत्तर वर्षं घराघरांतल्या आयांनी, बहिणींनी भरली.

१९४६ मध्ये लष्कराची ६०४वी ग्रेव्हज रजिस्ट्रेशन कंपनी अवशेष उकरून परत न्यायला आली तेव्हा हे उघडं पडलं. क्रॉसखाली खणावं तर खाली नुसती वाळू. पथकाने चिकाटीने बेट पालथं घातलं, तरी अपेक्षित अवशेषांपैकी निम्म्याच्या आसपासच हाती लागले. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना होनोलुलूच्या ‘पंचबोल’ या राष्ट्रीय दफनभूमीत ‘अज्ञात’ म्हणून ठेवलं. सुमारे ५०० कुटुंबांना उत्तर मिळालंच नाही.

आणि तरीही उत्तरं दिली गेली, हा या प्रकरणातला सगळ्यात बोचणारा भाग आहे. आम्हाला ठाऊक नाही, असं सरळ लिहिण्याऐवजी एखाद्या अधिकाऱ्याने कधी जुन्या नकाशातल्या दफनभूमीचं नाव कळवलं, कधी समुद्राचं. लिहिणाऱ्याला ते सांत्वन वाटलं असेल. घरच्यांनी मात्र ती पत्रं जपून ठेवली, एकमेकांशेजारी ठेवून वाचली आणि ती जुळत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यापुढे सरकारी कागदावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

ज्यांची माणसं सापडली होती त्यांच्याशी ताडून पाहिलं की फरक कळतो. स्टाफ सार्जंट विल्यम बोर्डेलॉन हाही तारावाचा मेडल ऑफ ऑनर विजेता. त्याची कबर पंचबोलमध्ये होती. १९९५ मध्ये त्याचे अवशेष टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो या त्याच्या गावी आणले, आलामोच्या ऐतिहासिक वास्तूत अंत्यदर्शनासाठी ठेवले आणि गावातल्या लष्करी दफनभूमीत पुरले. पन्नास वर्षांनी का होईना, त्याला कुठून आणायचं हे घरच्यांना माहीत होतं. बॉनीमनच्या घरच्यांना आणा म्हणायलाही जागा नव्हती.

वाळूखालची रांग

२००३ मध्ये मार्क नोआ या वैमानिकाने ‘हिस्टरी फ्लाइट’ ही ना-नफा संस्था काढली आणि काही वर्षांतच तिने तारावावर लक्ष केंद्रित केलं. पद्धत साधी पण चिवट होती. १९४३ ची हवाई छायाचित्रं, तुकड्यांच्या दफननोंदी आणि जुने नकाशे आजच्या बेटावर बसवायचे. जमिनीत शिरणाऱ्या रडार लहरींनी चाचपायचं. मग खणायचं. सरकारी पथकंही मधल्या काळात गेली होती, त्यांच्या हाती फारसं लागलं नव्हतं.

बॉनीमनचे नातू क्ले बॉनीमन इव्हान्स पत्रकार होते. आजोबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरात जपलेले कागद आणि अभिलेखागारातल्या नोंदी घेऊन ते या शोधात सामील झाले, स्वतः बेटावर जाऊन खोदकामात उतरले.

दफनस्थळ क्रमांक २७ ची नोंद कागदांत होती: सुमारे चाळीस मरीन, एका रांगेत, ‘रेड ३’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यामागे. १९४६ च्या पथकाला ते सापडलं नव्हतं. २०१५ मध्ये पुरातत्त्वज्ञ क्रिस्टन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते सापडलं, लोकांच्या रोजच्या वापरातल्या एका आवाराखाली. भूजल इतकं वर की खड्ड्यातून पाणी उपसत काम करावं लागे. शिवाय न फुटलेले हातबाँब. ब्रशने वाळू झाडत एकेक सांगाडा मोकळा होत गेला: पाँचोचे तुकडे, बूट, शिरस्त्राणं, आणि माणसं खरोखरच रांगेने, नोंदीत लिहिल्याप्रमाणे. १९४३ मध्ये घाईगर्दीतही कुणीतरी खरं लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्याच भरवशावर हे शक्य झालं.

बॉनीमनची ओळख पटली ती दातांवरून. त्याच्या दातांत सोन्याचं काम होतं आणि त्याची वैद्यकीय नोंद उपलब्ध होती. सोनं दिसलं तेव्हा नातू तिथेच हजर होता. या एका जागेतून पस्तीसहून अधिक मरीन सापडले. जुलै २०१५ मध्ये ते ध्वजात लपेटून हवाईला आणले गेले. २७ सप्टेंबर २०१५ रोजी नॉक्सव्हिलमध्ये, आईवडिलांच्या शेजारी, बॉनीमनला लष्करी इतमामात पुरलं. तोवर आईवडील जाऊन दशकं लोटली होती.

ओळख पटवण्याचं काम कसं चालतं

दफनस्थळ सापडलं की काम संपलं असं समजण्याचं कारण नाही. सगळ्यांच्या दातांत सोनं नसतं. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी अमेरिकन सरकारची संस्था अवशेष प्रयोगशाळेत नेते. भरतीच्या वेळच्या दातांच्या नोंदी काढल्या जातात. क्षयरोगाच्या तपासणीसाठी तेव्हा छातीचे एक्स-रे काढत. त्यांतल्या गळ्याच्या हाडाचा आकार प्रत्येकाचा वेगळा, म्हणून तीही खूण उपयोगी पडते. आणि डीएनए. मातृवंशाचा डीएनए आईकडून मुलांकडे येतो, पण पुढे तो फक्त मुलींमार्फत जातो. म्हणजे सैनिकाची स्वतःची मुलं या चाचणीला निरुपयोगी, त्याच्या बहिणीच्या मुलीची मुलं उपयोगी. कित्येक घरांत मरीन दलाचा फोन गेला तो अशा भाच्याला किंवा भाचीच्या मुलाला, ज्याने मामाआजोबांचं नाव फक्त फोटोच्या चौकटीखाली वाचलं होतं. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना द्यायचा, एवढंच काम. पण त्यानिमित्ताने माळ्यावरची पेटी खाली येते, पत्रं वाचली जातात, कोण कुणाचं कोण याचा हिशेब पुन्हा मांडला जातो.

२०१६ पासून पंचबोलमधल्या तारावाच्या ‘अज्ञात’ कबरीही उघडून तपासल्या जाऊ लागल्या. बेतिओवर सापडलेला अर्धा सांगाडा आणि होनोलुलूत सत्तर वर्षं पडून असलेली उरलेली हाडं एकाच माणसाची निघाली, असंही घडलं आहे. १९४६ मध्ये घाईने उकरताना ती मागे राहिली होती. ओळख पटली की पंचबोलच्या बेपत्तांच्या भिंतीवर त्या नावाशेजारी एक लहानसं धातूचं फूल बसवतात.

पलीकडची घरं

या लढाईच्या आठवणींत जपानी घरं सहसा येत नाहीत. बेतिओवरचे बरेच नौसैनिक सासेबोच्या तळावरून आलेले, म्हणजे जपानच्या क्यूशू बेटाच्या बाजूचे. सतरा जण वाचले. कोण कसा मेला हे सांगायला परत कोण येणार? युद्धकाळात जपानमध्ये अस्थींच्या पांढऱ्या पेट्या घरोघर पोचवल्या जात, त्यांत अनेकदा नावाची चिठ्ठी किंवा एखादा दगडच असे. परदेशी भूमीवर मेलेल्या सुमारे २४ लाख जपान्यांपैकी ११ लाखांहून अधिकांचे अवशेष अजून मायदेशी आलेले नाहीत.

आणि ते कोरियन मजूर. दक्षिण जेओला प्रांतातल्या येओंग्वांगचा एक तरुण १९४२ मध्ये घरी बायको आणि लहान मुलं ठेवून जबरीने नेला गेला आणि पुढच्या वर्षी तारावावर मेला. बेटावरच्या अवशेषांशी कोरियातल्या कुटुंबांचे डीएनए नमुने ताडून पाहताना २०१९ मध्ये त्याची ओळख पटली. कोविडच्या महासाथीमुळे थांबलेलं आगमन डिसेंबर २०२३ मध्ये झालं, बरोबर ८० वर्षांनी. त्याला घ्यायला त्याचा मुलगा होता, स्वतः ऐंशी ओलांडलेला. मला या सगळ्या प्रकरणात याच माणसाने सर्वाधिक अस्वस्थ केलं. त्याचं ना ते युद्ध होतं, ना तो झेंडा. त्याला शोधण्यासाठी संसदेत ठराव झाले नव्हते. अमेरिकन मरीन शोधता शोधता तो सापडला. ज्या शास्त्राने मरीनची हाडं ‘आपली’ म्हणून वेगळी काढली, त्याच शास्त्राने उरलेल्यांकडेही तितक्याच निष्ठेने पाहिलं तरच अशी माणसं घरी जातील.

बेतिओवर १५ ऑक्टोबर १९४२ रोजी, म्हणजे लढाईच्या वर्षभर आधी, जपान्यांनी २२ कैद्यांचे शिरच्छेद केले होते. त्यांतले १७ न्यूझीलंडचे किनारा-निरीक्षक होते. बेटावर त्यांचं स्मारक आहे, अवशेष नाहीत.

बेटावर आज राहणाऱ्यांचंही म्हणणं ऐकायला हवं. बेतिओ पॅसिफिकमधल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक आहे. घराचा पाया, डुकरांचा गोठा, सांडपाण्याचा चर, काहीही खणताना हाडं निघतात, कधी जिवंत दारूगोळा निघतो. दुसऱ्यांच्या युद्धाचे मृत त्यांच्या अंगणात आहेत. उत्खननासाठी घर किंवा आवार मोकळं करून देणाऱ्या या कुटुंबांवाचून एकही मरीन परत गेला नसता, आणि अंत्यविधीच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख मला फार क्वचित दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी

ऐंशी वर्षांपूर्वीच्या हाडांवर इतका पैसा का, असं विचारलं जातं. प्रश्न गैर नाही. भारतीय वाचकाला तर तो जवळून कळावा. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्यांची कबर ज्ञात नाही, इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे, माणगावात पुतळा आहे. जपान्यांनी सिंगापूरहून पॅसिफिक बेटांवर नेलेल्या भारतीय युद्धकैद्यांच्या कबरी पापुआ न्यू गिनीतल्या लाए आणि रबौलच्या दफनभूमींत आहेत. तिथे कोण आहे हे त्यांच्या गावच्या किती घरांना माहीत असेल?

माझ्या मते तारावाचा खर्च हाडांवर झालेला नाही, दिलेल्या शब्दावर झाला आहे. राज्य माणसाला घरातून नेतं तेव्हा त्याचं काय झालं ते खरं खरं सांगण्याची जबाबदारी घेतं. १९४९ चा शेरा ती जबाबदारी झटकणारा होता, आणि २०१५ चं उत्खनन सरकारने नव्हे, एका खासगी संस्थेने आणि चिवट नातलगांनी आधी सुरू केलं हेही नोंदवून ठेवावं.

तारावाचे काहीशे मरीन अजून बेपत्ता आहेत. काही पाण्यात गेले, ते मिळणार नाहीत. काहींच्या बहिणींचा वंश खुंटला, त्यांच्यासाठी दूरच्या नात्यांवरूनही जुळणी करणाऱ्या नव्या डीएनए पद्धती वापरात येत आहेत. काहींच्या घरी नमुना मागणारं पत्र पोचलं, पण ते उघडणाऱ्याला नावच ओळखीचं वाटलं नाही. मरीन दलाच्या कार्यालयात अशा नातेवाइकांचा माग काढण्याचं काम चालू आहे: जुन्या जनगणना, विवाहनोंदी, मृत्युलेख चाळत, आईच्या बाजूने.